रजनीच्या परसातली भाजी

उज्जैनमध्ये नानाखेड्याच्या ज्या गल्लीत रजनी टाकळकर राहते, तिथे तिचं घर विचारलं तर लोक सांगतात, "वो बैंकवाले साहब का? कोपऱ्यावरचं." साहेब, म्हणजे दत्तात्रय, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. बँकेने त्यांना सोडलं, पण गल्लीने रजनीला काही बँकेतून सोडलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीबरोबर ती या गावात आली, पोळ्या लाटल्या, परागला मोठा केला, हळदीकुंकवं केली, आणि या सगळ्यात तिच्या स्वतःच्या नावाने ओळखली जाईल अशी एकही गोष्ट गावात उभी राहिली नाही. तक्रार करायचा तिचा स्वभाव नव्हता. पण कधीकधी तिला ते टोचायचं, आणि टोचतंय हे कबूल करायची लाज वाटायची.

ती गोष्ट तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळाली. ती दिली माईंनी.

माई पागनीस चार घरं पलीकडे राहतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या सासरचे पूर्वज कधीकाळी सरकारी पागेवर होते म्हणून हे आडनाव, आणि घोडे गेले तरी माईंच्या बोलण्यातला लगाम काही गेलेला नाही. रजनी नवीन असताना याच माईंनी तिला पहिल्या दिवाळीला न्हाऊ घातलं होतं. "तुझं माहेर लांब, तर मी आहे ना इथे," असं म्हणाल्या, आणि तेव्हापासून दत्तात्रयांना त्या जावईबापू म्हणतात. रजनीनेही ते नातं खरं मानलं. थट्टेत मानतात तसं नव्हे, खरंखुरं.

माईंचं एक व्रत फार कडक. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही तोंडात घालायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. परसात हाताने खणून लावलेलं असेल तेवढंच. अशा सगळ्या भाज्या एकत्र शिजवायच्या, मीठ-मिरची घालायची, झाली ऋषीची भाजी. गल्लीतल्या आणि आजूबाजूच्या अकरा मराठी बायका त्या दिवशी माईंकडेच जेवायच्या, कारण परस होतं फक्त माईंकडे.

होतं. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेने, भार्गवीने, महाकालच्या यात्रेकरूंसाठी मागे दोन खोल्या काढल्या. अळवाच्या जागी आता टाइल्स आहेत आणि दाराला नंबर आहेत. भार्गवी वाईट नाही, घर तीच चालवते. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "यंदा पंचमीला मी नुसत्या पाण्यावर राहीन. तुम्ही आपापलं बघा."

आणि रजनी, जिने आजवर कुंडीत तुळशीखेरीज काही लावलं नव्हतं, ती बोलून गेली, "पाण्यावर कशाला माई? यंदा माझ्या परसातलं खाल."

रजनीचं परस म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. घर बांधताना उरलेल्या फुटक्या फरशा, दगड झालेलं सिमेंटचं पोतं आणि एक तडकलेलं संडासाचं भांडं. घरामागच्या या जागेत गेली वीस वर्षं कोणी पाय टाकला नव्हता.

"एक माणूस बोलावतो," दत्तात्रय म्हणाले. "छोटा ट्रॅक्टर आणेल, दिवसात सगळं उलटून देईल."

"हाताने करायचंय, अहो. नाहीतर अर्थच काय?"

"मग कर बाई. मी सांगून राहिलो, कंबर धरेल."

कंबर धरली. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ती रोज सकाळी दोन तास राडारोडा उपसत होती. भांडं उचलायला तेवढे दत्तात्रय आले, बाकी वेळ व्हरांड्यात पेपर वाचत सल्ले देत बसले. खाली काळी माती लागली तेव्हा रजनीने ती मुठीत घेऊन दाबून बघितली आणि उगीचच हसली. वैशाखात त्याच मातीला अशा भेगा पडल्या की पंजा आत जावा, आणि तिला वाटलं, झालं, हसं होणार आपलं.

मग माई काठी टेकत आल्या. परसात त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आली, आणि त्या खुर्चीवरून त्यांनी रजनीला शाळा घातली. सपाट वाफे बघून तर त्यांनी कपाळालाच हात लावला. "अगं, काळी माती पाणी धरून बसते. सपाट ठेवशील तर एका झडीत मुळं कुजतील. माती वर चढव, मधून चर काढ." रजनीने दोन दिवसांचं काम मोडून पुन्हा केलं. माई ओरडत होत्या आणि तिला बरं वाटत होतं, आई ओरडल्यावर वाटतं तसं.

पाऊस लागायच्या आधी माईंनी लाडवाचा एक जुना पितळी डबा आणला. त्यात फडक्यात बांधलेलं बी होतं. भेंडी, लाल माठ, मका, भोपळा, आणि मूठभर दोडक्याचं.

"हे दोडक्याचं मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचं," माई म्हणाल्या. "दरसाल पेरायचं, दरसाल राखायचं. गेल्या वर्षी पंचमी झाली आणि बियाचे दोडके पिकायच्या आतच भार्गवीने फरशी घातली, तर नवं बी धरताच नाही आलं. आता हे इतकंच आहे, सगळं तुला दिलं. जुनं बी आणखी वर्षभर ठेवलं तर उगवायचं नाही. दोन दोडके वेलावर पिकू दे, त्यांना लाल दोरा बांध. ते खायचे नाहीत. ते माझे."

माईंचा दोडका आखूड, जेमतेम वीतभर, आणि शिरा अशा की बोट कापावं. श्रावण लागेपर्यंत वेल भिंतीवर चढून पलीकडे डोकावू लागला. मका कमरेएवढा झाला. अळवाची पानं ताटाएवढी झाली. गल्लीतल्या बायका फाटकापाशी थांबून बघायच्या आणि प्रथमच कोणी "बँकवाल्यांचं" म्हणत नव्हतं. "रजनीचं परस" म्हणत होत्या. पिकायला सोडलेल्या दोन दोडक्यांना रजनीने लाल दोरा बांधला, तेव्हा तिला वाटलं, हे मात्र आपलं आपण केलं.

आणि मग पुण्याहून फोन आला. पराग म्हणाला, मानसीचे दिवस भरत आले आहेत, तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आई तू ये. रजनीला जायलाच हवं होतं, आणि जावंसं वाटतही होतं.

राखीनंतर निघताना तिने दत्तात्रयांना तीनच गोष्टी सांगितल्या. पाणी साचलं तर चर मोकळा करा. भेंडी एक दिवसाआड तोडा. आणि मागच्या फाटकाची कडी लावा.

कडीचं दोनदा सांगितलं, त्याला कारण होतं. कॉलनीत भोला नावाचा एक सांड फिरतो. खांदा हा एवढा, स्वभावाने गरीब. दर सोमवारी दत्तात्रय मागच्या फाटकाशी उभे राहून त्याला पोळी घालतात, नंदी म्हणून पाया पडतात, आणि मग दर्शनाला जातात. रजनीने कधी अडवलं नाही. फक्त म्हणाली, "पोळी घाला, पण कडी लावा."

"अगं, मी काय लहान आहे का?"

पुण्यात नात झाली. रजनीने तिला न्हाऊ-माखू घातलं, बारशाला पाळणा म्हटला, आणि रोज संध्याकाळी उज्जैनला फोन लावला. आधी दत्तात्रयांनी दोन-तीन फोटो पाठवले. नंतर फोटो मागितले की म्हणत, "सगळं फर्स्ट क्लास आहे. येऊनच बघ ना, फोटोत काय मजा?" बारसं झाल्यावर तिने परतीचं तिकीट काढलं, तेव्हा पराग चिडला. "आई, पंधरा दिवसांची पोर सोडून तू भाजीसाठी चाललीस?"

"भाजीसाठी नाही रे. शब्द दिलाय."

मानसीने तोंड फिरवलं ते रजनीला दिसलं. नातीच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घेताना तिला इतकं कसंतरी झालं की गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

हरतालिकेच्या दुपारी ती घरी पोहोचली आणि पिशवी हातातच असताना मागे गेली. परस रिकामं होतं. वेल नव्हता, मका नव्हता. सगळ्या वाफ्यांवर वाळलेलं गवत जाडसर पसरलेलं होतं.

"महाकालच्या शाही सवारीनंतर झड लागली ना," दत्तात्रय मागून म्हणाले. "सगळं सडायला लागलं. म्हटलं, हातचं जाईल. म्हणून तोडून घेतलं. तू आत तर ये."

त्यांनी फ्रिज उघडला. ओल्या फडक्यात अळू, डब्यांमध्ये चिरलेली भेंडी, दोडका, भोपळा, मक्याच्या कणसांचे तुकडे. सगळं धुऊन, चिरून, झाकून. चौतीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने कोथिंबिरीची काडी निवडली नव्हती, त्याने. त्यांच्या हातांना अळवाची खाज सुटली होती आणि ते मनगट खाजवत उभे होते.

"अहो, तुम्ही चिरलंत?"

"मग? तू थकून येशील म्हटलं."

रजनीला रडू आलं. वेल गेला याचं वाईट वाटत होतं, पण ते रडू त्याचं नव्हतं. या माणसाला आपलं काम दिसलं, असं तिला वाटलं. "आणि लाल दोऱ्याचे दोन?" तिने डोळे पुसत विचारलं.

"माळ्यावर वाळत घातलेत. उंदीर नको म्हणून जाळीत ठेवलेत. आत्ता चढू नको, पाय घसरेल."

तिने परागला फोन करून सांगितलं, तुझ्या बाबांनी भेंडी चिरली. दोनदा सांगितलं.

पंचमीला माईंच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढलं. अकरा जणी आल्या. नैवेद्य झाला, पानं मांडली, आणि सगळ्या माईंकडे बघत थांबल्या, कारण पहिला घास त्यांचा. माईंनी घास घेतला, डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाल्या, "रजनी, पोरी, जिंकलीस गं. माझ्या परसाची चव आणलीस."

कोणीतरी टाळी वाजवली. त्या अकरांतल्या निहारिका वहिनी म्हणाल्या, "आता दरसाल रजनीच्या परसातलीच." रजनी वाढत होती, आणि एवढ्याशा कौतुकाने आपल्याला इतका आनंद होतोय, याचीच तिला गंमत वाटत होती. एकतीस वर्षांत या गावाने तिला काही दिलं असेल, तर ते त्या एका दुपारी.

ऊन कलल्यावर ती सालं आणि मक्याच्या पात्यांची टोपली घेऊन घरी आली. हे मातीतच पुरायचं, असं माईंनीच शिकवलं होतं. परसात बसून तिने एका वाफ्यावरचं गवत बाजूला सारलं.

मातीत पाय उमटलेला होता. वाटीएवढा, मधून दुभंगलेला, खोल. काळी माती ओली असताना दाबली गेली होती आणि चार दिवसांच्या उन्हाने दगडासारखी घट्ट वाळली होती. तिने आणखी गवत सारलं. आणखी एक. मग ती दोन्ही हातांनी गवत ओढतच सुटली. या वाफ्यापासून त्या वाफ्यापर्यंत, वेलाच्या बुंध्याशी, मक्याच्या दोन्ही ओळींवर, सगळीकडे भोलाचे पाय होते. मक्याचे बुंधे चावून तोडलेले होते. कोपऱ्यात वाळलेल्या शेणाला एक दोरा चिकटला होता. लाल.

ती तिथेच बसली. मग तिने हाक मारली, "अहो."

दत्तात्रय आले, गवत बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"शाही सवारीचा सोमवार होता," ते म्हणाले. "पोळी घालत होतो. तेवढ्यात शेजारच्या विलासने पुढून आवाज दिला, गाडीत जागा आहे, चला. गेलो. कडी राहिली. परत आलो तर हा आत बसून रवंथ करून राहिला होता. बिल्कुल काही सोडलं नाही गं त्याने."

"मग मी खाल्लं ते काय?"

"मंडीतून आणलं."

"आणि चिरून का ठेवलंत?"

ते पायाने गवत सारखं करू लागले. उत्तराची गरजही नव्हती. मंडीतला दोडका हातभर असतो. चिरल्यावर कोण ओळखणार? म्हणजे ज्या चिरण्यावर ती रडली होती, ती चोरी झाकायची पद्धत होती. रजनीला एकदम इतका संताप आला की तिने टोपलीच भिंतीवर फेकली.

"अकरा बायकांना मी शब्द दिला होता! माझ्या हाताने वाढलं मी, घ्या, माझ्या परसातलं आहे म्हणून!"

"अगं, ऐक तर. आता बैलाने कोण नांगरतं? सगळीकडे ट्रॅक्टर. म्हणजे मंडीतलं पण बैलाच्या कष्टाचं नाहीच झालं. हिशोबाने व्रत मोडलंच नाही."

हे ते अगदी मनापासून बोलत होते, हेच वाईट होतं. एकदा तर तिला वाटलं की आपण हसू. हसली नाही.

"ट्रॅक्टरचं देव बघून घेईल. मला का नाही सांगितलंत? रोज फोन करत होते मी. पोर टाकून आले मी तिथून."

"सांगणार होतो. पण माईंना विचारलं, तर त्याच म्हणाल्या, नको सांगू."

रजनीला आधी ते कळलंच नाही. "कोण म्हणालं?"

"माई. मी पहिले त्यांच्याकडेच गेलो. म्हटलं, काय करू? त्या म्हणाल्या, जावईबापू, मंडीतून आणा, तिला परेशान करू नका."

"आणि लाल दोऱ्याचे? ते पण सांगितलंत त्यांना?"

दत्तात्रय चपलेकडे बघत राहिले. "ते नाही सांगितलं. त्यांना म्हटलं, भाजी गेली, बियाचे वाचले. त्यांचं वय बघ ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी रजनी रिकामा पितळी डबा घेऊन माईंकडे गेली. माई खिडकीशी वाती वळत बसल्या होत्या. रजनी समोर बसली. चहा नको म्हणाली, आणि तेव्हाच माईंना कळलं.

"सांगितलं वाटतं त्यांनी," माई म्हणाल्या.

"मातीने सांगितलं. माई, तुम्ही खाल्लीत."

"खाल्ली."

"पोरी जिंकलीस म्हणालात. डोळे मिटून म्हणालात."

"अगं, तुझं मन राखायला. तू तिकडे बाळंतपणात अडकलेली, इकडे असं झालेलं. किती राबली होतीस! म्हटलं, एक दिवस तरी खूश होऊ दे हिला. माझ्या व्रताचं काय, माझं मी बघून घेईन वर गेल्यावर."

"व्रत तुमचं होतं, माई. मी तर त्याच्यासाठीच राबले. तुम्ही पाण्यावर राहाल म्हणून. तुम्हालाच जर चालणार होतं, तर मला तसं सांगायचं. मी पुण्यात राहिले असते. नातीजवळ."

माईंनी वात उगीचच पुन्हा वळली.

"अकरा जणींपैकी किती जणींना माहीत होतं?" रजनीने विचारलं.

माईंनी पदर सारखा केला, खिडकीबाहेर बघितलं. रजनीला ती टाळी आठवली, आणि निहारिका वहिनींचं हसू. सगळ्यांनी मिळून तिचं कौतुक केलं होतं, भातुकली खेळणाऱ्या मुलीच्या हातचा खोटा चहा मोठी माणसं पितात तसं. चेहरा भाजल्यासारखा झाला तिचा. माहेर म्हणून ज्या घराकडे ती एकतीस वर्षं बघत आली, त्या घराने जावयाशी संगनमत करून तिलाच बाहेर ठेवलं होतं. वर, प्रेमाने ठेवलं होतं म्हणून तिने रागवायचंही नव्हतं.

"झालं ते झालं," माई मायेने म्हणाल्या, आणि तिच्या हातातला डबा बघून त्यांचा चेहरा उजळला. "आणलास का? बरं केलंस. बियाचे दोन वाचले, हे तर नशीब. जावईबापू म्हणाले, वाळत घातलेत. माझ्या सासूच्या हातचं बी आहे ते. तेवढं राहिलं ना, मग बाकी सगळं गेलं तरी चालेल मला."

रजनीने त्यांच्याकडे बघितलं. 'हो माई, वाळताहेत' म्हणणं किती सोपं होतं! माई चौऱ्याऐंशीच्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी विचारलंही नसतं, आणि विचारलं असतं तर मंडीतलं बी फडक्यात बांधून देता आलं असतं. या घरात, त्या घरात, सगळ्यांनी हेच केलं असतं, आणि माईंनी ते डोळे मिटून गोड मानून घेतलं असतं.

"नाही माई," ती म्हणाली. "ते पण भोलाने खाल्ले. काही राहिलं नाही. तुम्हालाही त्यांनी अर्धंच सांगितलं."

माईंचा हात वातीवर थांबला. त्यांनी डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं, आत बोट फिरवून बघितलं. मग झाकण लावायला त्यांना जमेना. रजनीने ते लावून दिलं. माईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

डबा तसाच मांडीवर धरून त्या म्हणाल्या, "मला सांगितलं नसतंस तरी चाललं असतं गं."

"माहीत आहे, माई," रजनी म्हणाली. "म्हणूनच सांगितलं."